स्की-टूरिंग आणि हिमस्खलन : हिंगोलीहून निघणाऱ्यांसाठी काय करावे, काय टाळावे

हिंगोली समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास. इथला बर्फ रसवंतीत आणि गोळ्याच्या गाडीवर. तरी केदारकांठा, औली, सोलंग, गुलमर्ग ही नावे इथल्या मुलामुलींना आता नवी नाहीत. छत्रपती संभाजीनगरच्या पोलिस दलातले रफीक शेख २०१६ मध्ये एव्हरेस्टवर पोहोचले. त्याआधी २०१४ ची मोहीम हिमस्खलनाने आणि २०१५ ची भूकंपाने थांबली होती. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचिनमधली सोनम चौकी हिमस्खलनाखाली गेली आणि दहा जवान गमावले. त्यात साताऱ्याच्या माण तालुक्यातला एक होता. माणदेश काय, मराठवाडा काय, बर्फ न पाहिलेल्या मुलखातली माणसे बर्फात जातात, नोकरीसाठीही आणि हौसेसाठीही.

ही यादी हौसेने जाणाऱ्यांसाठी आहे, विशेषतः स्की-टूरिंग शिकू पाहणाऱ्यांसाठी. स्कीच्या तळाला ‘स्किन’ ही केसाळ पट्टी चिकटवायची, लिफ्ट नसलेला डोंगर स्वतःच्या पायांनी चढायचा आणि पट्टी काढून घसरत उतरायचे, हा तो खेळ. तिथे कोणी उतार तपासून ठेवलेला नसतो.

एक गोष्ट आधी मनात पक्की करावी. हौसेने गेलेल्यांच्या जीवघेण्या हिमस्खलनांपैकी दहात नऊ वेळा बर्फ सुटतो तो त्या माणसाच्या किंवा त्याच्या सोबत्याच्या वजनाने. म्हणजे वाचण्याची खरी जागा उताराच्या अलीकडे आहे. पाठीवरची साधने लागतात ती निर्णय चुकल्यावर.

शिकताना

काय करावे

• किमान एक रीतसर हिमस्खलन कोर्स करावा. जगभर त्याचा पहिला टप्पा साधारण तीन दिवसांचा असतो आणि बराच भाग प्रत्यक्ष बर्फावर शिकवतात. उत्तरकाशीची नेहरू, मनालीची अटलबिहारी वाजपेयी, पहलगामची जवाहर गिर्यारोहण संस्था आणि गुलमर्गची स्की व गिर्यारोहण संस्था हे आपल्याकडचे जुने, सरकारी मार्ग. प्रवेश घेताना मोजके विचारावे: हिमस्खलनाला किती तास? प्रत्येकाच्या अंगावर ट्रान्सीव्हर, म्हणजे गाडलेल्याचा संकेत पाठवणारे आणि शोधणारे यंत्र, असेल का? शोधाचा सराव किती वेळा?

• उतार मोजायला इथेच शिकावे. फोनमध्ये कोन मोजणारे अ‍ॅप घ्यावे आणि औंढा नागनाथच्या डोंगरात जावे. आधी अंदाज सांगावा, मग मोजावे. नवख्याचा डोळा पाच-दहा अंशांनी सहज चुकतो आणि बर्फावर तेवढाच फरक निर्णायक ठरतो.

• शोधाचा सराव पीक निघालेल्या वावरात करावा. ट्रान्सीव्हर भाड्याने मिळाले तर एक चालू करून डब्यात घालावा, डबा पोत्यात गुंडाळून कडब्याखाली लपवावा आणि दुसऱ्याला शोधायला लावावे. पाच मिनिटांच्या आत सापडेपर्यंत पुन्हा पुन्हा करावे. या सरावाला बर्फ लागत नाही.

• ‘नो बिफोर यू गो’ आणि स्वित्झर्लंडचे ‘व्हाइट रिस्क’ हे ऑनलाइन धडे आधी संपवावेत. कोर्सचे तीन दिवस मग व्याख्या ऐकण्यात जात नाहीत.

काय टाळावे

• स्की चांगले येते म्हणजे बर्फ कळतो, असे समजू नये. उत्तम स्की येणारा माणूस जास्त तीव्र उतारावर जातो, म्हणून त्याने जास्त शिकायला हवे.

• आरडाओरड्याने हिमस्खलन होते, ही सिनेमातली समजूत सोडावी. माणसाच्या आवाजात तेवढी ताकद नसते. त्याच्या वजनात असते. धोका दिसला तर बिनधास्त ओरडावे.

• झाडी दिसली की सुरक्षित, असे मानू नये. ज्या झाडांमधून स्की करता येते त्या झाडांमधून बर्फही वाहतो. वर झाडांवर आपटलेला माणूस जखमांनी जातो, ते वेगळेच.

बेत आखताना

काय करावे

• एक-दोन दिवस राखीव ठेवावेत. परतीचे आरक्षण आणि संपत आलेली रजा यांनी जितकी माणसे चुकीच्या दिवशी उतारावर ढकलली आहेत, तितकी हौसेनेही ढकलली नसतील.

• उंचीची सवय होऊ द्यावी. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे आणि तिथल्या गोंडोला रोपवेचा दुसरा टप्पा अफरवट शिखराच्या खांद्यावर ३,९०० मीटरच्या पुढे सोडतो. हिंगोलीहून गेलेल्या माणसाचे डोके तिथे दुखते आणि दुखऱ्या डोक्याने निर्णय चुकतात.

• रोजचा हिमस्खलन इशारा वाचावा. संरक्षण संशोधन संघटनेची चंडीगडमधली डीजीआरई ही संस्था हिमालयातल्या बर्फाळ जिल्ह्यांसाठी इशारे देते. राज्यांची आपत्ती प्राधिकरणे ते पुढे पोहोचवतात. हा इशारा मोठ्या प्रदेशाचा असतो. समोरच्या उताराचे उत्तर आपल्यालाच शोधावे लागते.

• पश्चिमी विक्षोभाच्या बातमीकडे पावसाळ्यातल्या कमी दाबाच्या पट्ट्याइतकेच लक्ष द्यावे. हिवाळ्यात हिमालयात मोठा बर्फ पडतो तो त्याच्यामुळे. बर्फ थांबल्यानंतरचे पहिले २४ ते ४८ तास सर्वांत वाईट.

• घरी वाट, सोबत्यांची नावे आणि परतीची वेळ लिहून द्यावी. काश्मीरमध्ये बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिम चालत नाहीत. गटात पोस्टपेड असलेला माणूस हवा.

• विमा काढताना राखलेल्या उताराबाहेरचे स्की आणि हेलिकॉप्टरने सुटका या दोन्ही गोष्टी त्यात आहेत का, ते वाचून घ्यावे.

काय टाळावे

• धोक्याची ३ ही पातळी ‘पाचातली मधली’ म्हणून हलकी घेऊ नये. पातळ्या अशा: १ कमी, २ मध्यम, ३ लक्षणीय, ४ जास्त, ५ अतिजास्त. एकेका पायरीला धोका कितीतरी पटींनी वाढतो. ४ आणि ५ ला माणसे घरात बसतात. ३ ला ऊन पडलेले असते, बर्फ नवा असतो, मोह होतो. युरोपात सर्वाधिक मृत्यू याच पातळीला होतात.

• हिवाळा नाही म्हणजे धोका नाही, असे धरू नये. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का डांडा या शिखरावर उत्तरकाशीच्या संस्थेची प्रशिक्षण तुकडी हिमस्खलनात सापडली. २७ मृतदेह मिळाले, दोघे बेपत्ताच राहिले. महिना ऑक्टोबरचा होता आणि सोबत प्रशिक्षक होते.

• परवानगीची हद्द ओलांडू नये, पर्यटक म्हणून गेलो असलो तरीही. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये नथुला रस्त्यावर सात पर्यटक हिमस्खलनात मरण पावले. परवानगी तेराव्या मैलापर्यंत होती, हिमस्खलन पंधराव्या मैलावर झाले.

• सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून निरोप पाठवणारे यंत्र परवान्याशिवाय नेऊ नये. भारतात ते बेकायदा आहे आणि त्यासाठी लोकांना अटक झाली आहे.

उतार वाचताना

काय करावे

• ३० आणि ४५ हे दोन आकडे पाठ करावेत. सुटणारी बहुतेक हिमस्खलने या अंशांच्या दरम्यानच्या उतारावर होतात. ३८ च्या आसपास सर्वाधिक. स्कीला मजा येणारा उतारही नेमका हाच.

• बर्फ थरांनी साचतो, हे डोळ्यांपुढे ठेवावे. मोंढ्यात हळदीच्या पोत्यांची थप्पी लागते. खालचे एक पोते फाटून गळू लागले तर वरची चांगली पोतीही सगळी एकदम कोसळतात. बर्फात ते फाटके पोते म्हणजे साखरेसारख्या सुट्या स्फटिकांचा थर. त्याच्यावर घट्ट लादी बसलेली असते. माणसाच्या वजनाने तो थर तुटतो आणि अख्खी लादी सुटते.

• वाऱ्याकडे पाहावे. वारा धारेच्या एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला टाकतो. आभाळ निरभ्र असतानाही वाऱ्यामागच्या उतारावर काही तासांत धोकादायक लादी तयार होते.

• पाच खुणा दिसल्या की तीव्र उतार सोडावा: जवळपास ताजे हिमस्खलन, पायाखाली ‘धप्प’ असा खचल्याचा आवाज, स्कीपासून पुढे धावत गेलेली भेग, नुकताच पडलेला भरपूर बर्फ किंवा पाऊस, अचानक वाढलेली ऊब. यातली एकही पुरेशी आहे.

• वसंत ऋतूत पहाटे निघून दुपारच्या आत उतरावे. ऊन लागून पाणी झिरपले की ओला बर्फ आपोआप सुटू लागतो.

काय टाळावे

• आपण उभे आहोत ती जागा सपाट आहे एवढ्यावर समाधान मानू नये. वरच्या उतारावरून येणारा बर्फ सपाटीवरही पोहोचतो आणि उताराखाली पाय पडल्यानेही वरचा कमकुवत थर तुटतो.

• घळीत, खोलगटात किंवा कड्याच्या वर असलेल्या उतारावर ‘छोटासाच आहे’ म्हणून जाऊ नये. थोडा बर्फही खड्ड्यात खोल साचतो आणि माणसाला कड्यावरून खाली फेकतो.

• धारेवरच्या कॉर्निसवर, म्हणजे वाऱ्याने हवेत बांधलेल्या बर्फाच्या छज्ज्यावर, पाय ठेवू नये. तो वाटतो त्याच्या बराच अलीकडे तुटतो.

• आधीच्या स्कीच्या रेघा पाहून निर्धास्त होऊ नये. पहिले दहा जण सुखरूप गेले आणि अकराव्याखाली लादी तुटली, असे होते.

चढताना, उतरताना

काय करावे

• निघण्याच्या जागी प्रत्येकाचा ट्रान्सीव्हर दुसऱ्याने तपासावा. एक जण पुढे उभा राहतो, बाकीचे एकेक करून समोरून जातात, एवढेच काम. बॅटरी पाहावी, यंत्र प्रक्षेपणावर असावे.

• संशयास्पद उतार एकेकाने ओलांडावा. बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवावी. दोघे एकदम गाडले गेले तर शोधणारे निम्मे होतात.

• असा उतार ओलांडताना हातातल्या स्कीच्या स्टिकचे पट्टे मनगटातून काढावेत. अडकलेली स्टिक माणसाला खाली ओढते.

काय टाळावे

• उताराच्या पोटात किंवा पायथ्याशी फोटोसाठी, डब्यासाठी, दम खाण्यासाठी थांबू नये.

• गोंडोलाने वर गेलो म्हणजे खालचे सगळे राखलेले, असे समजू नये. गुलमर्गला अफरवटवर गस्तीचा भाग मर्यादित आहे, त्यापलीकडे रानडोंगर. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटच्या हापतखुड भागात दोन पोलिश स्कीपटू हिमस्खलनात मरण पावले. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी खिलनमर्गला एक रशियन.

साधनांबद्दल

काय करावे

• तीन वस्तू प्रत्येकाकडे हव्यात: ४५७ किलोहर्ट्झवर चालणारा तीन अँटेनांचा डिजिटल ट्रान्सीव्हर, घडीची लांब काठी म्हणजे प्रोब, आणि धातूचे फावडे. एकही कमी असेल तर उरलेल्या दोन जवळपास निरुपयोगी. जागा कळली पण खणता येत नाही, किंवा फावडे आहे पण कुठे खणायचे माहीत नाही.

• ट्रान्सीव्हर कपड्यांच्या आत, अंगावर बांधावा. फोन त्याच्यापासून किमान २० सेंटिमीटर दूर ठेवावा, शोधताना निदान अर्धा मीटर. मोबाइल त्याचा संकेत बिघडवतो.

• कंपनीने सांगितलेल्याच बॅटऱ्या वापराव्यात. बहुतेक यंत्रांना अल्कलाइन लागतात. रिचार्जेबल बॅटरी भरलेली दाखवते आणि थंडीत एकदम बसते.

काय टाळावे

• प्लास्टिकचे फावडे घेऊ नये. थांबलेला बर्फ काँक्रीटसारखा घट्ट होतो.

• पाठपिशवीतून फुगणाऱ्या एअरबॅगच्या भरवशावर एक पाऊलही जास्त टाकू नये. ती माणसाला वर राखायला मदत करते. झाडावर किंवा खडकावर आपटण्यापासून वाचवत नाही.

• जॅकेटमधली ‘रेको’ची चकती ट्रान्सीव्हरच्या जागी धरू नये. ती शोधायला खास यंत्र घेऊन पथक यावे लागते. तोवर वेळ गेलेला असतो.

बर्फ सुटलाच तर

काय करावे

• ओरडावे, म्हणजे सोबत्यांची नजर वळेल. वेग असेल तर तिरके बाजूला निसटण्याचा प्रयत्न करावा. एअरबॅग असेल तर लगेच ओढावी. स्टिक सोडाव्यात.

• बर्फ थांबत आल्यासारखे वाटताच हात तोंडापुढे आणून श्वासापुरती जागा करावी. थांबल्यावर बोटही हलवता येत नाही.

• सोबत्याने गाडला गेलेला माणूस शेवटचा दिसला ते ठिकाण डोळ्यांनी पक्के करावे, वरून आणखी बर्फ येण्याचा धोका पाहावा, आणि उरलेल्या सर्वांनी ट्रान्सीव्हर शोधावर टाकावेत. एकाचाही प्रक्षेपणावर राहिला तर सगळे गाडल्या न गेलेल्या माणसाकडेच धावतात.

• वर दिसणारा हातमोजा, स्की, पिशवी आधी पाहावी. मग संकेत, मग ट्रान्सीव्हर बर्फाला लावून बारीक शोध, मग प्रोब. काठी उताराला काटकोनात, २५ सेंटिमीटर अंतराने, बाहेर वाढत जाणाऱ्या वर्तुळात खुपसावी. लागली की तशीच ठेवावी.

• खणताना काठीच्या खालच्या बाजूने, उताराच्या अंगाने आत शिरावे. एक मीटर खोल गाडलेल्या माणसासाठी टनाहून अधिक बर्फ हलवावा लागतो. एक पुढे खणतो, मागचे बर्फ मागे सारतात, दर मिनिटाला पुढचा बदलतो.

• तोंड आणि छाती आधी मोकळी करावी, तोंडातला बर्फ काढावा, श्वास नसेल तर आधी श्वास द्यावा.

काय टाळावे

• मदत आणायला गटातले कोणी सुरुवातीलाच पळू नये. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के जगतात. अर्ध्या तासानंतर साधारण तिघांतला एक. पथक दहा मिनिटांत पोहोचत नाही. ११२ ला फोन लागत असेल तर एकाने करावा, बाकीच्यांनी शोधावे.

• थंडगार, निपचित माणसाला गेलेला समजून सोडू नये. शरीर थंड झाले की नाडी अतिशय मंद लागते. त्याला हळुवार हाताळावे, ओले झटकून गुंडाळावे, डॉक्टर सांगेपर्यंत प्रयत्न सुरू ठेवावेत.

गटात असताना

काय करावे

• निघण्याआधीच ठरवावे की एकाने ‘नको’ म्हटले तर सगळे परततील, आणि कारण विचारले जाणार नाही. गटात सर्वांत नवखा असतो त्याला हा नियम सर्वांत जास्त लागतो.

• परतीची वेळ घड्याळात ठरवावी, शिखर किती उरले त्यावर नाही.

• तीन ते पाच जणांचा गट ठेवावा. दोघांत एक गाडला गेला तर खणणारा एकटाच उरतो; दहा जणांत कोणीच कोणाला विचारत नाही.

काय टाळावे

• ‘गाईड आहे ना’ म्हणून स्वतःचे डोळे मिटू नयेत. अमेरिकन संशोधक इयन मॅकॅमन यांनी जुन्या अपघातांच्या नोंदी तपासून दाखवले की शिकलेली माणसेही ठरावीक सापळ्यांत अडकतात: ओळखीचा उतार, ठरलेला बेत सोडवत नाही, गटातला जाणता माणूस, इतरांच्या रेघा, चारचौघांत बरे दिसणे. प्रत्येक थांब्यावर ही यादी मोठ्याने म्हणावी.

• ‘इतक्या लांबून आलो, पैसे भरले, सुट्टी संपते’ हे वाक्य उतारावर कोणी उच्चारले तर ते परतण्याचे कारण समजावे.

पैसे भरण्याआधी

काय करावे

• आयोजकाला फोन करून चार प्रश्न विचारावेत. आजच्या इशाऱ्याची पातळी किती आणि तुम्ही ती कुठे वाचता? प्रत्येकाला ट्रान्सीव्हर, प्रोब, फावडे देता का, आणि पहिल्या दिवशी सराव घेता का? आपल्या वाटेवर ३० अंशांवरचे उतार कुठे आहेत आणि पातळी ३ असेल तर पर्यायी वाट कोणती? बेत रद्द झाला तर पैशांचे काय? चौथा प्रश्न हावरटपणाचा वाटला तरी विचारावा. पैसे परत न देणारा आयोजक वाईट दिवशीही वर नेतो.

काय टाळावे

• ‘तिथे गेल्यावर बघू, सर’ असे उत्तर आले तर आगाऊ रक्कम भरू नये.